सोनकांबळे सरांचे सात दिवस

संध्याकाळची हजेरी झाली की सोनकांबळे सर होस्टेलच्या व्हरांड्यात स्टूल टाकून वर्तमानपत्र घेऊन बसत. मग एकेका मुलानं त्यांच्याजवळ यायचं, अगदी गुडघे स्टुलाला लागतील इतकं जवळ, आणि एक बातमी मोठ्यानं वाचून दाखवायची. बातमी कसलीही चाले. बाजारभाव, हवामान, कुठल्यातरी मंत्र्याचं भाषण. नव्या मुलांना वाटायचं, सर जनरल नॉलेज वाढवून राहिलेत. दोनेक महिन्यांनी त्यांच्या डोक्यात उजेड पडायचा, की सरांचं बातमीकडे लक्षच नसतं. वाचणाऱ्याच्या तोंडाला कसला वास येतो आणि त्याची जीभ कुठं अडखळते, तेवढंच ते बघतात.

मी एकदा त्यांना म्हणालो, "सर, सरळ तोंड हुंगावं की. एवढा खटाटोप कशाला?"

"पाटील, पोरगं गावाहून मान वर करून येतंय," ते म्हणाले. "तोंड हुंगलं की ती मान खाली जाते. मग ते आपलं ऐकत नाही. पेपर वाचून कुणाची मान खाली गेल्याचं तुम्ही बघितलंय का?"

मी पाटील नव्हे. आमचं घर भोकरकडचं, शेतीवाडीचं, पण पाटीलकी वगैरे काही नाही. पण मी नोकरीला लागलो त्या दिवशी पांढरे बूट घालून आलो होतो, तेवढ्यावरून सरांनी मला पाटील करून टाकलं आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. ते रसायनशास्त्र शिकवायचे, मी मराठी. आमचं कॉलेज नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, आंध्राच्या अंगाला. सर तिथं होस्टेलचे रेक्टरही होते. रेक्टरला दोन खोल्यांचं क्वार्टर फुकट मिळायचं. बाकीच्यांनी ते काम क्वार्टरसाठी केलं असतं. सरांनी ते मुलांसाठी केलं, आणि हे मी आज कौतुकानं लिहीत असलो तरी तेव्हा मला त्याचा थोडा रागच यायचा. एवढा चांगला माणूस शेजारी राहणं सोपं नसतं.

शिक्षकांपैकी आम्ही तिघे-चौघे शनिवारी एका मित्राच्या खोलीवर 'बसायचो'. एका रविवारी सकाळी सरांनी मला व्हरांड्यात गाठलं आणि पेपर पुढं करून म्हणाले, "पाटील, जरा अग्रलेख वाचून दाखवा. चष्मा घरी राहिला." चष्मा त्यांच्या खिशात दिसत होता. मी अख्खा अग्रलेख वाचला, शक्य तेवढा श्वास आत ओढून. "वाचता छान," म्हणाले आणि निघून गेले. मी दोन महिने शनिवारी घरीच बसलो. मग पुन्हा सुरू झालं. तेही त्यांना कळलं असणार.

सर मूळचे अहमदपूरचे. त्यांच्या वडिलांची एक गोष्ट ते प्रत्येकाला सांगायचे. वडील हातभट्टीची पीत. रोज, आणि रोज घरात मारहाण. दीक्षेच्या वर्षी गावातल्या सगळ्यांबरोबर त्यांनीही धम्म घेतला, घरी आले, भट्टीचं मडकं अंगणात आणून फोडलं आणि मरेपर्यंत पुन्हा थेंबाला शिवले नाहीत. ना औषध, ना डॉक्टर. सर तेव्हा शाळेत होते. मडक्याच्या खापऱ्या गोळा करून उकिरड्यावर टाकायचं काम त्यांच्याकडं आलं होतं. ही गोष्ट सांगून झाली की ते म्हणत, "सुटते. एका दिवसात सुटते. पुढचे सहा दिवस नुसते सोबतीचे."

हे सात दिवस म्हणजे सरांची पद्धत. होस्टेलमध्ये देशी यायची, शिंदीच्या झाडाची ताडीसारखी शिंदी यायची, मेडिकलमधून खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या यायच्या. ज्याचं प्रकरण हाताबाहेर चाललंय असं वाटे, त्याला सर प्राचार्यांकडे नेत नसत की बापाला पत्र लिहीत नसत. सात दिवस स्वतःच्या घरी आणून ठेवत. मुलानं सरांच्या पुढच्या खोलीत झोपायचं, वहिनींच्या हातचं जेवायचं, सरांबरोबर कॉलेजात जायचं, सरांबरोबर परत यायचं. तो संडासला गेला तरी सर बाहेर डबा धरून उभे. आठव्या दिवशी वहिनी शिरा करत आणि मुलगा सुटे. पोरं म्हणायची, "आज कुणाचा सप्ताह बसला?" सरांच्या कानावर ते जाई. सरांना त्याचं हसूच येई. म्हणायचे, "बसू द्या. माझ्या सप्ताहात टाळ-मृदंग तर नाही ना, शेजाऱ्याला त्रास नाही."

एका बागायतदाराचा पोरगा दुसऱ्याच दिवशी खिडकीतून पळाला. सर मागोमाग एसटी स्टँडवर. पोरगं बसमध्ये बसलेलं, सर शेजारी जाऊन बसले, दोघांची तिकिटं काढली. पोराच्या गावी गेले, त्याच्या घरी जेवले, त्याच्या वडिलांना सांगितलं, "घरची लई आठवण काढत होता, म्हणून भेटवून न्यावं म्हटलं." आणि पुढच्या बसनं त्याला घेऊन परत. त्या पोराची सुटली. पुढं तो कृषी खात्यात लागला आणि सरांच्या मुलीच्या लग्नात वाढायला उभा होता. अशी मुलं बरीच होती, आणि त्यांच्यामुळेच सरांचा आपल्या सात दिवसांवर एवढा विश्वास बसला होता.

लातूर जिल्हा वेगळा झाला त्याच्या मागेपुढेच आमच्याकडे पाऊस हुकला, आणि पुढच्या वर्षीही हुकला. सरांना नव्या जिल्ह्याचं फार अप्रूप. नोकरी नांदेडात, पण अहमदपूर आता लातूरात गेलं म्हणून त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. तिकडच्या एका नव्या समितीनं जिल्ह्याचे सुपुत्र म्हणून जी माणसं हुडकली त्यांत सरांचं नाव निघालं. शाल, नारळ, फोटो. सात दिवसांच्या पद्धतीवर ते अर्धा तास बोलले. परत आले ते ताठ होऊनच. मी शाल बघायला मागितली तर म्हणाले, "तुमच्या वहिनीनं पेटीत घातली. पण पाटील, टाळ्या लई वाजल्या हो." इतका भोळा आनंद मी त्यांच्या तोंडावर पुन्हा कधी बघितला नाही.

इकडे होस्टेलला माणशी दोन बादल्या पाणी मिळायचं, तेही टँकर आला तर. नदीकाठची शिंदीची झाडं खालून वर वाळत चालली होती. झाडं छेदणारे लोक मुकादमाबरोबर कामाला निघून गेले. सर एक दिवस त्या झाडांकडे बोट करून मला म्हणाले, "दुष्काळानं एक काम चांगलं केलं. यंदा शिंदी आटली. आपली निम्मी लढाई झाली बघा."

मी मान हलवली. आम्ही दोघंही रोज ज्या रस्त्यानं जायचो त्याच रस्त्यावर शिंदीचं दुकान होतं. दुकानापुढं रांग होती आणि आत रांजण काठोकाठ भरलेले दिसत होते. झाडं वाळली तर हे कुठून येतंय, हा प्रश्न दोन प्राध्यापकांपैकी एकालाही पडला नाही.

व्यंकटी त्या वर्षी सेकंड इयरला होता. इस्लापूरकडचा. घरात कुणी शाळेचं तोंड न बघितलेलं. बुटका, हातांनी दणकट, हुशार. सरांच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांच्या आधी येऊन नळ्या धुऊन ठेवायचा. त्याच्या गावात संध्याकाळी सगळं घर शिंदी प्यायचं, बायापोरांसकट. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पेपर वाचताना त्याची जीभ जड व्हायला लागली तेव्हा सरांनी त्याला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "सर, दारू न्हाई पीत म्या. शिंदी हाय ती. आमच्यात समदेच पितेत."

"तू बी.एस्सी. होणार आहेस," सर म्हणाले. "समदे होणार नाहीत."

एवढ्यावर तो स्वतःच्या पायानं सरांच्या घरी आला. वडिलांची गोष्ट ऐकली, आणि सरांच्या पायाला हात लावून म्हणाला, आजपासून बंद. त्याच्याएवढं मनापासून कुणी बसलं नव्हतं, असं वहिनी मला नंतर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्याचे हात कापायला लागले. घाम, झोप नाही, भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणू लागला. सरांनी हे आधीही बघितलेलं होतं. देशी पिणारी मुलंही कापायची आणि तिसऱ्या दिवशी शांत व्हायची. "विष बाहेर पडतंय," ते म्हणाले. "उद्या बरा होशील."

त्याच दुपारी व्यंकटीची आई आली. गावच्या कुणा पोरानं तिला निरोप पोचवला होता, की व्यंकटीला मास्तरांनी कोंडून ठेवलंय. मी तेव्हा सरांच्याच खोलीत होतो. बाई उंबऱ्यावर बसली, पोराकडे बघितलं आणि पदराखालून एक बाटली काढली.

"मास्तर, दोन घोट द्या त्याला."

"बाई, त्याची सुटून राहिली. आता दिली की सगळं वाया."

"सोडवा की. न्हाई कोण म्हंतंय? पर अशी न्हाई सोडवत. आमच्यात माणूस आजारी पडला तरी घोटभर देतेत. एकदम तोडली की माणूस थरथरून मरतंय. माझा दीर मेला तसा."

सरांचा आवाज चढला नाही. ते कधीच चढवत नसत. त्यांनी तिला समजावलं, की ही अंधश्रद्धा आहे, शिंदी सोडून कुणी मरत नसतं, त्यांचे वडील एका दिवसात सुटले. बाई ऐकून घेत होती. शेवटी तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमी तरी सांगा सायेब." मी म्हणालो, "सरांना कळतं बाई त्यातलं." मग सरांनी तिच्या हातातून बाटली घेतली, अंगणात गेले आणि ती मातीत उपडी केली. बाईनं हात पुढं केला नाही, आरडाओरडा केला नाही. ती नुसती ती ओली जागा बघत राहिली. पाणीसुद्धा कुणी मातीत ओतत नव्हतं ते दिवस होते.

बाई रात्री तिथंच राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी व्यंकटीला पहिला झटका आला. दात आवळले, डोळे वर गेले. दुसरा लगेच आला. गावातला डॉक्टर सुई टोचून म्हणाला, नांदेडला हलवा. गाडी कुठली? होस्टेलपुढं पाण्याचा टँकर नुकताच लागला होता. सरांनी ड्रायव्हरला हात जोडले. भरल्या टँकरनं वेग घेतला नसता, म्हणून ड्रायव्हरनं मागचा कॉक पूर्ण सोडून दिला. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका बाजूला झाल्या. ज्यांच्या घागरी भरल्या त्यांच्या भरल्या, बाकीचं पाणी रस्त्यावरून वाहत गेलं. केबिनमध्ये सर, त्यांच्या मांडीवर व्यंकटी आणि पायाशी त्याची आई. नांदेड यायच्या आतच तो गेला.

चौथ्या दिवशी सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. ती बाटली त्यांनी अंगणातून उचलून आणली होती. तळाला चमचाभर शिंदी राहिलेली. ती त्यांनी एका नळीत घेतली, त्यात कॉस्टिकचं द्रावण टाकलं, जरा गरम केलं आणि नळी माझ्या नाकाशी धरली. मी मराठीचा माणूस. मला गोडसर वास आला, एवढंच कळलं.

"क्लोरोफॉर्म," सर म्हणाले. "शिंदीत क्लोरल घालतात. पावडर मिळते. झोपेचं औषध. पाण्यात पावडर, सॅकरीन आणि फेस यायला काहीतरी. ह्याच्यात शिंदी नाहीच. ह्याची सवय लागली आणि एकदम तोडली की झटके येतात. नांदेडच्या सरकारी डॉक्टरनं काल सांगितलं मला. कमी कमी करत न्यावं लागतं म्हणाला. व्यंकटीच्या आईनं सांगितलं तेच."

मग बराच वेळ ते बर्नरची ज्योत कमी-जास्त करत राहिले.

"क्लोरलपासून क्लोरोफॉर्म. ही रिअ‍ॅक्शन मी दरवर्षी सेकंड इयरला फळ्यावर लिहितो. व्यंकटीच्या वहीत पण असेल. पाटील, झाडं वाळलेली होती हो. माझ्या डोळ्यांपुढं वाळलेली होती."

मी नळी त्यांच्या हातातून घेऊन स्टँडमध्ये ठेवली आणि पंखा लावला.

कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्यांनी व्यसनाचे दुष्परिणाम सांगितले, व्यंकटीच्या मरणातून सर्वांनी धडा घ्यावा म्हणाले. मग सर उठले. "तो व्यसनानं मेला नाही," ते म्हणाले. "तो सोडल्यामुळं मेला, आणि सोडायला मी लावलं. त्याची आई सांगत होती, मी ऐकलं नाही." प्राचार्यांनी पुढं होऊन माइक घेतला आणि दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. नंतर केबिनमध्ये बोलावून ते सरांना म्हणाले, तुम्ही भावनेच्या भरात बोललात, पण ह्याचा अर्थ पोरं काय घेतील?

प्राचार्य मला कधी आवडले नाहीत, पण ह्या एका बाबतीत त्यांचं खरं ठरलं. आठवड्याभरात होस्टेलमध्ये पोरं उघड म्हणू लागली, "सोडली की मरतंय, सर स्वतः बोलले." ज्यांची नुसती देशीची सुरुवात होती, ज्यांची खरंच एका दिवसात सुटली असती, तीही हेच म्हणू लागली. पेपर वाचताना तोंड लपवायची गरज कुणाला राहिली नाही. सरांनी समजावून बघितलं, दारू वेगळी, पावडर वेगळी. कुणी ऐकलं नाही. खरं सांगितल्याचा असा परिणाम होईल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. रेक्टरपद गेलं, क्वार्टर गेलं, सर भाड्याच्या खोलीत गेले.

त्यांनी अर्ज केले. दुकानातल्या शिंदीचा नमुना बाटलीत भरून, लेबल लावून इकडच्या कचेऱ्यांत फिरले. ज्यांनी शाल घातली होती त्यांच्याकडे लातूरला गेले. ते म्हणाले, "सर, तुमचा अभिमान आहेच, पण हे दुकान आपल्या जिल्ह्यात येत नाही." इकडच्यांनी सांगितलं, तुम्ही लातूरकडं दिलंय ना, मग तिकडून काय येतं बघू. नमुन्याचं पुढं काय झालं ते कळलं नाही. दुकानापुढची रांग तशीच राहिली.

इस्लापूरकडे ते एकदा जाऊन आले. मी विचारलं, बाई काय म्हणाली? मला वाटलं होतं शिव्या दिल्या असतील. सर म्हणाले, "चहा केला. मग म्हणाली, धाकटा लक्ष्मण आहे, बारावी झाला, तोबी पितोय. त्याला न्या तुमच्याकडं. आता तुमाला कळलंय तर हळूहळू सोडवा."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? घेऊन आलो."

लक्ष्मण त्यांच्या खोलीवर राहू लागला. रोज संध्याकाळी सर ॲल्युमिनियमची बरणी घेऊन दुकानात जात, रांगेत उभे राहत, शिंदी आणत आणि प्रयोगशाळेतल्या मोजनळीनं लक्ष्मणला पाजत. दर दोन दिवसांनी थोडी कमी. ज्या माणसानं वासासाठी हजार वेळा पेपर ऐकला, त्याच्या सदऱ्याला आता तोच वास येऊ लागला. गावात व्हायची ती चर्चा झाली. वहिनी बाहेर पडेनाशा झाल्या.

आणि तेही जमत नव्हतं. मला नांदेडच्या कॉलेजात नोकरी लागली होती. तिकडं जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना भेटलो तेव्हा लक्ष्मण कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून निजला होता. सर मोजनळी धूत होते. "माझं माप बरोबर आहे," म्हणाले. "पण दुकानदार पावडर ओंजळीनं टाकतो. एक दिवस पोरगं कापतंय, एक दिवस शुद्धीवर नसतंय. मी कमी करतोय का वाढवतोय, मलाच कळत नाही. सोडून द्यावं तर जाईल. पाजत राहावं तर तेही मीच पाजणार." मी विचारलं, मग काय करायचं? ते म्हणाले, "उद्या आणायची."

पुढच्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी मी त्या गावी गेलो होतो. काम उरकून संध्याकाळच्या एसटीनं निघालो. बरोबर तिथलेच एक जुने सहकारी होते, शनिवारच्या बैठकीतले. शिंदीच्या दुकानापुढं बस गर्दीनं अडली. खिडकीतून मला सर दिसले. रांगेत सातवे-आठवे असतील. केस सगळे पांढरे झाले होते, दाढी वाढली होती. बरणी छातीशी धरून ते पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत उभे होते. मागचा कुणीतरी त्यांना ढकलत होता आणि ते ढकलू देत होते.

सहकाऱ्यानं मला कोपरानं खुणावलं. "बघितलं का? व्यसनमुक्तीवाले. आले शेवटी मूळ पदावर." 'मूळ' ह्या शब्दावर त्यानं कसा जोर दिला ते मला नीट कळलं, आणि बसमधल्या दोघा-तिघांनाही कळलं. ते हसले.

बरणी कुणासाठी आहे ते मला ठाऊक होतं. लक्ष्मण अजून जिवंत आहे, एवढा त्या रांगेचा अर्थ होता. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. खाली उतरून सरांच्या शेजारी उभं राहायलाही वेळ होता, बस चांगली पाच मिनिटं थांबली होती. मी "हं" म्हणालो आणि खिडकीची काच वर ओढली.